परतीचं भाडं

झिनोवीच्या गाडीत फुकट्यांसाठी दोनच जागा, ही गोष्ट विल्खिव्का गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. गाडी तरी कसली, पिवळी खटारा मार्शरुत्का, भाड्याची मिनीबस; माणसं जास्त झाली की दार लावायला बाहेरून कुणाला तरी खांदा द्यावा लागे. पण पुढच्या काचेवरचा पुठ्ठा कसा ठसठशीत: 'सवलतवाले दोन.' म्हातारे, पांगळे, लढाईवरून परतलेले शिपाई, सगळे त्या दोनात. तिसऱ्यानं कार्ड पुढे केलं की झिनोवी रस्त्यावरची नजर न काढता म्हणे, "दोन झाले. पुढची गाडी बघ." पुढची गाडीही हीच, आणि संध्याकाळ असली तर ती उद्याच येणार, हे सांगायची तसदी तो घेत नसे.

माणूस वाईट होता म्हणावं तर तसंही नाही. सवलतवाल्यांचं भाडं मालक म्हणे सरकारकडे माग, सरकार म्हणे मालकाला विचार, आणि या टोलवाटोलवीत डिझेल जळायचं झिनोवीचं. शिवाय खोड जुनी. त्याचा बाप सामूहिक शेतीवर ट्रक चालवायचा, तो मरेपर्यंत एकच मंत्र जपत गेला: कुणापुढे हात पसरायचा नाही. झिनोवीनंही तोच जपला आणि आपल्या पोराच्या डोक्यात हातोडीनं ठोकून बसवला.

त्या गाडीत भाडं हातोहात पुढे यायचं. लोक पुढच्या दारानं चढत, मागे सरकत, आणि मग मागच्या बाकावरचा पुढच्याच्या खांद्याला बोट लावी, "एक, पुढे द्या." नोट या हातातून त्या हातात फिरत झिनोवीच्या कानाशी पोचे, सुटे तसेच उलटे मागे जात. कुणी कुणाची दमडी खात नसे. झिनोवीला मागे बघायचं कामच पडत नव्हतं. आतला आरसा तर त्यानं कधीच संत मिकोलाच्या तसबिरीनं झाकून टाकला होता. "मागे संत बघतोय, पुढे मी," असं तो मोठ्या तोऱ्यात सांगे.

त्याचा मुलगा ओस्ताप. मागे एकदा सुट्टीवर आला तेव्हा बापाच्याच गाडीत चढला. अंगावर गणवेश, खिशात शिपायाचं कार्ड. लोक म्हणाले, असू द्या हो, पोरगं लढाईवरून आलंय. झिनोवीनं सगळ्यांदेखत तळहात मागे केला. ओस्ताप हसला, पूर्ण भाडं हातावर ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, स्वर्गाच्या दारात तुम्ही असलात तर तिथेही तिकीट मागाल." झिनोवीची छाती त्या दिवशी बोटभर फुगली होती, हे खोटं कशाला सांगा.

परत जाताना त्याला परतीचं भाडं दिलं. ही त्या घराची रीत होती, आजोबांपासूनची. लांब जाणाऱ्याला जायचे पैसे द्यायचे नाहीत, यायचे द्यायचे. नोटेची चौघडी घालायची, घरच्या बाईनं भरतकामाच्या लाल दोऱ्यानं ती बांधायची आणि आतल्या खिशात टाचायची. ओस्तापच्या आईनं, स्टेफानं, बांधली. तिची गाठ वेगळीच असते, दोन वेढे आणि मध्ये उलटा फास. गावात दुसऱ्या कुणाला जमत नाही. झिनोवी म्हणाला, "मोडू नकोस. माझ्या घरचं माणूस फुकट येणार नाही."

पुढचा वसंत उलटला आणि ओस्ताप बेपत्ता झाला. मेला असं कुणी सांगितलं नाही, आहे असंही कुणी सांगितलं नाही. स्टेफानं देवळात त्याच्या नावानं मेणबत्ती लावू दिली नाही, की मेलेल्यासाठी ठेवतात तसा पावाच्या तुकड्यानं झाकलेला पेला ताटाशी ठेवला नाही. पाद्रीबाबा समजवायला आले तर त्यांनाच तिनं सुनावलं, "तुमचं घाईचं काम असेल तर दुसऱ्याच्या घरी करा." फाटकाची कडी तिनं काढूनच टाकली. आणि रोज संध्याकाळी झिनोवी गाडी लावून आला की टोपी काढायच्या आत ती विचारायची, "कोण कोण आलं गाडीतून?"

तो नावं सांगायचा. हाफिया आली, टिमको आला, यावदोखा आजी आली. ती ऐकून घ्यायची आणि बिटाचं सार वाढायची.

नोव्हेंबरातली गोष्ट. दुपारपासूनच धुकं उतरलं होतं, आणि संध्याकाळच्या फेरीला दिवे लावूनही हातभर पुढचं दिसेना. दोन सवलतवाले आधीच बसले होते: यावदोखा आजी, आणि टिमको, ज्याचा डावा पाय गुडघ्याखाली लोखंडाचा होता.

"काका, पाय एकच आणलाय," टिमको नेहमीसारखा म्हणाला. "अर्धंच तिकीट लावा, सवलत नको."

"बस गुपचूप," झिनोवी म्हणाला.

हाफिया दही विकून रिकामे डबे घेऊन परतत होती. ती भांडायला निमित्तच शोधत असायची. "तुझ्याशी वैर नाही रे टिमको. पण माझा नवरा जन्मभर कोळशाच्या खाणीत खोकला आणि खोकून खोकून मेला. त्याला कुणी फुकट बसवलं होतं? आता हे येतात, इथे सवलत, तिथे रांगेत पुढे. लढायला गेले म्हणून जगानं काय आरती ओवाळायची?"

"तुझ्या नवऱ्यालाही बसवायला हवं होतं, मावशी," टिमको म्हणाला. "आणि आरती नको. मी कार्ड दाखवतो तेव्हा कार्डाकडे बघतात, माझ्याकडे कुणी बघत नाही. काकांनी तर जन्मात मान वळवली नाही."

"मान वळवली तर गाडी खड्ड्यात जाईल," झिनोवी म्हणाला.

"मागावं लागलं की भीक होते," यावदोखा आजी मध्येच बोलली. "न मागता दिलं की मान."

"मान टाकीत ओतून इंजिन चालत नाही, आजी."

लोक हसले. तेवढ्यात बंद वीटभट्टीचं वळण आलं. तिथला थांबा नावाला उरला होता, आसपास घर ना दार. पण धुक्यात कुणीतरी उभं दिसलं आणि सवयीनं झिनोवीनं गाडी थांबवून दार उघडलं. गार हवा आत आली, ओल्या मातीच्या वासाची. दारातून एक हात पुढे आला. बाही कोपरापर्यंत चिखलानं कडक झालेली, नखांत माती, आणि दोन बोटांत शिपायाचं कार्ड.

"दोन झाले," झिनोवी समोरच्या काचेकडे बघत म्हणाला.

हात तसाच राहिला.

"ऐकू येत नाही का? दोन झाले. उद्या ये."

"असू दे ना, काका," टिमको म्हणाला. "मी उतरतो, त्याला घ्या."

अशा वेळी माणसाला उगाच हट्ट चढतो. आधीच गाडीत सगळ्यांनी टोचलेलं. झिनोवीच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं, जे त्या दिवसांत देशभर कुठला ना कुठला ड्रायव्हर रोज बोलत होता आणि शिव्या खात होता. "मी नाही तुला तिकडे पाठवलं," तो म्हणाला.

हात मागे गेला. झिनोवीनं दार लावलं आणि गियर टाकला.

पुढे गावापर्यंत हाफिया भांडण विसरून रिकामे डबे मांडीवर आवळत राहिली. झिनोवीला मात्र आपलंच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं. कारण एकाला त्यानं पाठवलं होतं. ओस्ताप जायचं की मामाकडे डोंगरात लपायचं यावर आठवडाभर घुटमळत होता, तेव्हा झिनोवीच म्हणाला होता, "लपलेल्याचा बाप म्हणून मला या गावात गाडी चालवायची नाही."

उतरताना यावदोखा आजी पायरीवर थांबली. "मी मागच्या काचेतून बघितलं रे. दार लावल्यावर रस्त्यावर कुणीच नव्हतं."

"धुकं होतं, आजी."

"धुकं होतंच," ती म्हणाली आणि काठी टेकत गेली.

"कोण कोण आलं गाडीतून?" स्टेफानं विचारलं.

झिनोवीनं नावं सांगितली. वीटभट्टीचं काही बोलला नाही. बाहेर बुर्को कुत्रा साखळी ताणून रस्त्याकडे तोंड करून रडत होता. त्याला दोनदा हटकलं तरी ऐकेना.

दुसऱ्या संध्याकाळी वळणावर कुणी नव्हतं. झिनोवी वेग कमी न करता निघून जाणार, तर दार आपोआप उघडलं. खटक्याला त्यानं हात लावला नव्हता, गाडी चालतीच होती. गार हवा आली, मातीचा वास आला, पायरी कुणी चढावं तशी करकरली आणि दार लागलं. जुनी गाडी, रबर झिजलं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि रात्री तारेनं खटका आवळला.

तार काही उपयोगी पडली नाही. रोज त्या वळणाला दार उघडे आणि लागे. मग एक नवीच कटकट सुरू झाली. चढलेली माणसं मागे जाईनात. पुढे खुराड्यातल्या कोंबड्यांसारखी एकमेकांच्या अंगावर दाटी, हाफियाचे डबे झिनोवीच्या पाठीला टोचतायत, आणि तरी कुणी मागे सरकेना.

"मागे जागा आहे की नाही?" झिनोवी वैतागला. "सरका मागे."

"इथे बरं आहे," कुणीतरी पुटपुटलं.

"टिमको, तू तरी जा. शेवटचा बाक रिकामा असेल."

"रिकामा नाही, काका," टिमको म्हणाला. त्याच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती.

गावात गाडी मोकळी झाल्यावर झिनोवी कंदील घेऊन मागे गेला. शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी, गादी ओली होती. खाली चिखलाचे दोन गोळे पडले होते, बूट आपटून झटकल्यासारखे. हा चिखल इथला नव्हता. इथली माती काळी, तो पिवळट होता. त्यानं तो झाडून बाहेर टाकला आणि हात पँटला पुसले. झिनोवी घाबरला होता. पन्नाशी ओलांडलेला आडदांड गडी लहान पोरासारखा घाबरला होता.

सकाळी तो यावदोखा आजीच्या दारात गेला. ती कोबी चिरत होती, मिठात घालायला.

"आजी, मागे कोण बसतं?"

"गाडी तुझी, मला काय विचारतोस?"

"तुम्हाला दिसतं ना?"

म्हातारीनं सुरी ठेवली. "मला दिसतं, टिमकोला दिसतं. हाफियाला थोडं दिसतं, म्हणून तिची वाचा बसलीय. तुला कसं दिसेल? तू वळून बघशील तर."

"कोण आहे एवढं सांगा."

"ते माझ्या तोंडून ऐकायचं नाही, झिनोवी. तुझं तू बघ." आणि तिनं पुन्हा सुरी उचलली.

बघायचं नाही असं त्यानं ठरवलं. हो, उलटंच ठरवलं. कारण मनात एक नाव वर येत होतं आणि तो ते पायाखाली दाबत होता. मागे बघितलं आणि तिथे ते तोंड दिसलं, तर संध्याकाळी स्टेफाला काय सांगायचं? न बघता तो निदान 'बेपत्ता' तरी होता. बेपत्ता माणूस परत येऊ शकतो. फाटकाला कडी नसली की सरळ आत येऊ शकतो.

त्या संध्याकाळी त्यानं वीटभट्टीच्या आधीच वेग वाढवला. खटका तारेनं, वर दोरीनं बांधलेला. वळण आलं तसं दोरी सुटून खाली पडली. दार उघडलं, थंडी आत शिरली. पायरी करकरली. लोक दोन्ही बाजूंना चिकटले, मधून वाट झाली, आणि कुणीतरी त्या वाटेनं मागपर्यंत गेलं. झिनोवीनं मान ताठ धरली आणि रस्ता बघत राहिला. दार लागलं.

थोड्या वेळानं मागून आवाज आला, "एक, पुढे द्या."

आवाज टिमकोचा होता. तो शेवटून दुसऱ्या बाकाशी उभा होता, त्याच्या मागे कुणी नव्हतं. त्याच्याकडून ते हाफियाकडे आलं, हाफियाकडून शाळेतल्या मुलींकडे, मुलींकडून यावदोखा आजीकडे. ज्याच्या हातातून ते पुढे गेलं त्यानं हात छातीशी आवळून धरला. शेवटी ते झिनोवीच्या कानाशी आलं. त्यानं न बघता घेतलं.

ओलं होतं, आणि बर्फागत गार. चौघडी घातलेली नोट, वर दोरा. मातीनं काळा पडला असला तरी लाल होता. अंगठा गाठीवरून फिरला: दोन वेढे, मध्ये उलटा फास.

झिनोवीनं गाडी रस्त्यातच उभी केली. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं चालकाच्या बाकावरून मागे मान वळवली. सगळी गाडी त्याच्याकडे पाठ करून शेवटच्या बाकाकडे बघत होती. बाक रिकामा होता. म्हणजे, त्याला रिकामा दिसला. एवढ्या दिवसांनी वळला आणि दिसलं काहीच नाही. फक्त खिडकीची काच वाफेनं आंधळी झाली होती, आणि तिच्यात मुठीनं पुसलेला एक गोल होता. ओस्ताप लहानपणी शाळेतून येताना असाच गोल पुसायचा आणि घर येईपर्यंत त्याला नाक लावून बसायचा.

कार्ड पुढे केलं तेव्हा घेतलं नाही, म्हणून पोरानं शेवटी बापाची नोट मोडली होती.

"मागे द्या," झिनोवी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "त्याला म्हणावं, लागत नाही. त्याला भाडं लागत नाही."

नोट मागे निघाली. आजीकडून मुलींकडे, हाफियाकडे, टिमकोकडे. टिमकोनं ती रिकाम्या बाकाकडे धरली आणि धरूनच राहिला. मग ती परत फिरली आणि हातोहात पुढे आली.

"घेत नाही, काका," टिमको म्हणाला.

झिनोवी रडला. स्टिअरिंगवर कपाळ टेकून, लोकांदेखत, नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत रडला. कुणी त्याला गप्प केलं नाही, की घरी जायची घाई केली नाही. मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि गाडी चालू केली.

वाटेतल्या थांब्यांवर तो थांबला नाही. हाफियाचं घर मागे गेलं, देऊळ मागे गेलं. गाडी कधीच शिरत नाही त्या चिखलाच्या गल्लीत शिरली आणि कडी नसलेल्या फाटकापाशी उभी राहिली. झिनोवीनं दार उघडलं, खाली उतरला आणि म्हाताऱ्यांना देतात तसा आधाराला हात पुढे केला.

"उतर, बाळा," तो म्हणाला. "घर आलं."

पायरी करकरली. त्याच्या तळहातावरून गार काहीतरी सरकलं आणि गेलं. बुर्को भुंकला नाही. तो पोट जमिनीला लावून, शेपटी हलवत, कुंईकुंई करत साखळीच्या टोकापर्यंत आला आणि कुणाच्या तरी पायांशी लोळला. फाटक हललं.

स्टेफा एप्रनला हात पुसत बाहेर आली. आधी गाडी बघितली, मग खिडक्यांतून बघणारी गावची तोंडं, मग कुत्रा.

"कोण आलं गाडीतून?" तिनं विचारलं.

झिनोवी पुढे गेला आणि त्यानं मूठ उघडली. स्टेफानं ती चौघडी उचलली, दिव्याकडे धरली. गाठीवर बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा. तिचा चेहरा आधी विझला. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं, आणि तसं तिनं त्याच्याकडे आजवर कधी बघितलं नव्हतं.

"भाडं घेतलंस तू त्याच्याकडून?" ती म्हणाली.